शून्याचे दोन अर्थ

साखर कारखान्यातली रसाची एक टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीच्या वरच्या कडेला लेव्हल स्विच बसवलेला आहे. रस तिथवर चढला की स्विच जुळतो, पीएलसीच्या, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल नियंत्रकाच्या, इनपुटवर २४ व्होल्ट येतात, कार्डावरचा हिरवा दिवा लागतो आणि प्रोग्रॅम पंप थांबवतो. गळीत हंगाम संपतो. कारखाना पावसाळाभर थंड असतो आणि केबल ट्रेमधल्या उंदरांना मोकळे रान मिळते. नव्या हंगामात कारखाना सुरू होतो तेव्हा त्या स्विचची एक वायर कुरतडलेली असते. पीएलसीला तिथे शून्य दिसते, आणि प्रोग्रॅममध्ये शून्याचा अर्थ लिहून ठेवला आहे: टाकी अजून भरलेली नाही. पंप चालत राहतो. रस जमिनीवर सांडू लागतो तेव्हा कुठे माणसांची धावपळ सुरू होते.

प्रोग्रॅमने सांगितले तेच केले, पीएलसीही धडधाकट आहे. चूक झाली ती स्विच जोडतानाच. टाकी रिकामी असताना जुळलेला आणि भरल्यावर सुटणारा संपर्क निवडला असता, तर वायर तुटताच पंप थांबला असता. अर्धा तास वाया गेला असता, पण रस टाकीत राहिला असता.

पीएलसीच्या इनपुट-आउटपुट टर्मिनलांची जोडणी बहुधा आकृतीपुरती शिकवली जाते: ही वायर इथे, ती तिथे. प्रत्यक्षात प्रत्येक स्क्रूखाली एक प्रश्न दाबलेला असतो. इथे शून्य दिसले, तर समोरच्याने ‘नाही’ म्हटले आहे की समोरचा बोलायलाच उरलेला नाही? या कामातली मानके, वाद आणि कारागिरांच्या सवयी याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. म्हणून तोच धागा धरून हा आढावा.

रिलेंचा वारसा

१९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या पॅनेलांना पर्याय हवा होता. उत्पादन बदलले की शेकडो रिलेंची जोडणी उसवून पुन्हा करावी लागे. डिक मॉर्ली आणि बेडफर्ड असोसिएट्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले मॉडिकॉन ०८४ हे पीएलसी यंत्र १९६९ मध्ये तिथे पोचले. तो त्यांचा ८४ वा प्रकल्प होता, म्हणून नावात ०८४.

या यंत्राने तर्क तारांमधून काढून स्मृतीत नेला. रिले ते रिले जाणाऱ्या वायरी गेल्या. बटणापासून यंत्रापर्यंतच्या आणि यंत्रापासून मोटरपर्यंतच्या मात्र राहिल्या. रिलेच्या काळात वायरमनला प्रवाहाचा पूर्ण फेरा दिसत असे: फेज, बटण, कॉइल, न्यूट्रल. आता मधला टप्पा डब्यात गेला. प्रोग्रॅम लिहिणारा आणि वायर जोडणारा अशी दोन वेगळी माणसे झाली, आणि एकाच शून्याचा अर्थ दोघे आपापल्या परीने लावू लागले.

प्रवाह येतो कुठून, जातो कुठे

आजच्या बहुतेक पॅनेलांत इनपुट २४ व्होल्ट डीसीवर चालते. इनपुटच्या आत साधारणपणे ऑप्टोकपलर असतो, म्हणजे एक छोटा प्रकाशदिवा आणि त्याच्याकडे पाहणारा ट्रान्झिस्टर. दिवा पेटायला प्रवाह एका टोकाने आत येऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडावा लागतो. हे दुसरे टोक म्हणजे कॉमन. नवशिक्याचा पहिला अडथळा इथेच येतो. तो सेन्सरची वायर इनपुटला नेतो, कॉमन मोकळे ठेवतो आणि दिवा का लागत नाही म्हणून प्रोग्रॅम तपासत बसतो.

तीन वायरींच्या सेन्सरमध्ये तपकिरी वायर अधिक, निळी शून्य व्होल्ट आणि काळी सिग्नलची, हा संकेत आता जगभर चालतो. काळी वायर काय करते यावरून दोन घराणी पडतात. पीएनपी सेन्सर तिच्यातून २४ व्होल्ट बाहेर देतो. एनपीएन सेन्सर तिला शून्य व्होल्टकडे ओढतो. पीएनपीसाठी इनपुटचे कॉमन शून्याला जोडावे लागते, एनपीएनसाठी २४ व्होल्टला. युरोपात पहिले घराणे रुळले, जपानी यंत्रांत दुसरे. चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्यात जर्मन यंत्राशेजारी जपानी यंत्र उभे असते. तिथे स्टोअरमधून आणलेला प्रॉक्सी सेन्सर दिसायला हुबेहूब असूनही दिवा लागत नाही, तेव्हा आधी त्याच्या अंगावरची ही तीन अक्षरे वाचावीत.

शब्दांनी गोंधळात भर घातली आहे. अमेरिकी पुस्तकांत ‘सिंकिंग इनपुट’ म्हणजे प्रवाह आत घेणारे इनपुट, आणि त्याला पीएनपी सेन्सर चालतो. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत ‘सिंक इनपुट’ म्हणजे जिथून प्रवाह सेन्सरकडे बाहेर जातो ते इनपुट. त्याला एनपीएन सेन्सर लागतो आणि एस-एस हे टर्मिनल २४ व्होल्टला जोडावे लागते. एकच शब्द, अर्थ नेमके उलटे. म्हणून अनुभवी माणूस नावाच्या नादी लागत नाही. तो कागदावर बाण काढून प्रवाहाचा फेरा पुरा करतो.

ही निवड केवळ रिवाजाची नाही. समजा शून्य व्होल्टची बाजू अर्थ केली, म्हणजे जमिनीशी जोडली आहे, आणि सिग्नलच्या वायरीचे आवरण घासून ती यंत्राच्या लोखंडाला टेकली. पीएनपी जोडणीत ते इनपुट शून्यच राहते, आणि सेन्सर चालू झाला तर त्याचे शॉर्ट-संरक्षण काम करते किंवा फ्यूज उडतो. एनपीएन जोडणीत लोखंडाला टेकणे आणि सेन्सरने ओढणे यांत पीएलसीला काहीच फरक दिसत नाही. तिथे खोटा एक तयार होतो. अर्थ फॉल्टमुळे यंत्र आपोआप सुरू होऊ नये, अशी आयईसी ६०२०४-१ या मानकाची अपेक्षा आहे. पीएनपीच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच.

पुरते न विझलेले शून्य

विजेच्या दुनियेत शून्य आणि एक यांच्यामध्ये एक धूसर पट्टा असतो. आयईसी ६११३१-२ या मानकाने २४ व्होल्टच्या इनपुटांसाठी त्याच्या सीमा आखल्या आहेत. ५ व्होल्टपर्यंत शून्य. टाइप १ इनपुटला १५ व्होल्टपासून एक, टाइप २ आणि टाइप ३ ला ११ व्होल्टपासून. मधल्या पट्ट्यात काय वाचले जाईल याची हमी नाही.

या पट्ट्यात नकळत पाय पडतो तो गळतीमुळे. दोन वायरींचा सेन्सर ‘बंद’ असतानाही स्वतःचे पोट भरण्यापुरता प्रवाह घेत राहतो. टाइप ३ इनपुट बंद अवस्थेत दीड मिलिअँपियरपर्यंतची गळती सहन करते, कारण ते अशा सेन्सरांचा विचार करूनच ठरवले गेले. जुन्या कार्डावर हाच सेन्सर लावला तर दिवा मंद जळत राहू शकतो. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे इनपुट आणि कॉमन यांच्यामध्ये एक रोध जोडणे. २.२ किलोओहमच्या रोधातून दीड मिलिअँपियर पूर्ण गेला तरी व्होल्टेज ३.३ च्या वर जात नाही. सेन्सर चालू असताना तोच रोध पाव वॉटहून थोडी जास्त उष्णता सोसतो, म्हणून तो अर्ध्या वॉटचा घ्यायचा.

२३० व्होल्ट एसी इनपुटांवर लांब केबलमुळे भुताटकी होते. शेजारच्या जिवंत वायरीतून, मधल्या आवरणातून, थोडा दाब मोकळ्या वायरीवर झिरपतो. डिजिटल मल्टीमीटर शंभरेक व्होल्ट दाखवतो आणि साधा बल्ब लावला की ते व्होल्ट नाहीसे होतात. जुने वायरमन टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवत त्याचे हे एक कारण. तोच टेस्ट लॅम्प पीएलसीच्या २४ व्होल्टच्या टर्मिनलावर चालवला तर मात्र कार्ड जाते.

तिसरी गोष्ट वेळेची. संपर्क जुळताना थरथरतो, म्हणून इनपुटमध्ये काही मिलिसेकंदांचा फिल्टर असतो. बटणासाठी तो वरदान. फिरणे स्पंदनांत मोजणाऱ्या एन्कोडरची वायर त्याच इनपुटला आणली तर वेगवान स्पंदने फिल्टर गिळून टाकतो, आणि वायरिंग अचूक असूनही मोजणी चुकते.

तुटणाऱ्या वायरीचा विचार

बंद करणारे बटण एनसी (एरवी जुळलेला संपर्क) आणि सुरू करणारे एनओ (एरवी सुटलेला), हा नियम रिलेच्या काळापासूनचा आहे. वायर तुटली तर स्टॉप दाबल्यासारखे होते आणि स्टार्ट दाबला न गेल्यासारखे. दोन्ही वेळा यंत्र थांबण्याकडे झुकते. लेव्हल, दाब, तापमान यांच्या मर्यादा सांगणारे स्विचही याच न्यायाने जोडायचे: ज्या घटनेने यंत्र थांबायला हवे, तिच्या अभावी प्रवाह वाहत असला पाहिजे.

लॅडरमध्ये, म्हणजे रिलेच्या चिन्हांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, याचा एक लटका पेच होतो. स्टॉप बटण एनसी जोडले की न दाबलेल्या अवस्थेत इनपुट एक असते, म्हणून प्रोग्रॅममध्ये त्याचे चिन्ह एनओ काढावे लागते. नवा मुलगा ‘स्टॉप आहे, म्हणजे एनसी’ असे समजून चिन्ह एनसी काढतो, यंत्र सुरू होत नाही, आणि तो बटणावरची वायर एनसीवरून एनओवर हलवतो. यंत्र सुरू होते, सगळे खूश होतात. उंदरांची वाट मोकळी होते.

एनसीलाही मर्यादा आहेत. ती वायर शेजारच्या २४ व्होल्टच्या वायरीशी चिकटली, तर बटण दाबले तरी इनपुट एकच राहते. म्हणून आणीबाणीचे बटण एका वायरीवर आणि साध्या प्रोग्रॅमवर सोडत नाहीत. दोन स्वतंत्र संपर्क, सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी, आणि दोन्ही वायरींवर अधूनमधून सोडलेली चाचणी-स्पंदने, म्हणजे वायरी एकमेकींना चिकटल्या तरी कळते. साध्या पीएलसीला ‘इमर्जन्सी दाबली आहे’ ही बातमी द्यावी. वीज तोडण्याचा निर्णय त्याच्याकडे नसावा.

आउटपुट बंद म्हणजे खरेच बंद?

आउटपुट कार्डांचे तीन मुख्य प्रकार. रिले एसी-डीसी दोन्ही हाताळतो, पण संथ असतो आणि झिजतो. ट्रान्झिस्टर वेगवान, फक्त डीसी, साधारणपणे अर्धा अँपियर. ट्रायक फक्त एसीसाठी, आणि बंद असतानाही थोडी गळती करणारा. झिजण्याचा हिशेब डोळे उघडणारा आहे. पीएलसीतल्या छोट्या रिलेचे आयुष्य पूर्ण भारावर एक लाख वेळा उघडझाप असे सांगितले असेल आणि हीटरसाठी तो सेकंदाला एकदा हलत असेल, तर एक लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास. अशा ठिकाणी ट्रान्झिस्टर आउटपुट आणि पुढे सॉलिड स्टेट रिले हेच योग्य.

कॉइलचा स्वभाव वेगळा. सोलेनॉइडचा प्रवाह तोडला की ती तो चालू ठेवू पाहते, आणि २४ व्होल्टच्या कॉइलवर शेकडो व्होल्टचा झटका उठू शकतो. त्याने ट्रान्झिस्टर फुटतो, रिलेचे संपर्क जळतात. डीसी कॉइलला समांतर एक डायोड लावायचा, १एन४००७ सारखा साधा, त्याचा पट्टा अधिक बाजूला. तो कॉइलच्या टोकांशीच लावावा, म्हणजे झटका लांब केबलभर फिरत नाही. डायोडमुळे कॉइल सुटायला थोडा जास्त वेळ घेते. तो परवडत नसेल तिथे झेनर जोडतात. एसी कॉइलला डायोड म्हणजे थेट शॉर्ट, तिथे आरसी स्नबर किंवा व्हॅरिस्टर.

इथेही शून्याचा प्रश्न परत येतो. खराब झालेला ट्रान्झिस्टर बहुधा शॉर्ट होऊन बसतो, रिलेचा संपर्क वितळून चिकटतो. प्रोग्रॅममध्ये शून्य, कार्डाचा दिवा विझलेला, आणि मोटर फिरते आहे. म्हणून उलट-सुलट फिरणाऱ्या मोटरच्या दोन कॉन्टॅक्टरांमध्ये प्रोग्रॅमचा इंटरलॉक पुरत नाही. एकाचा एनसी संपर्क दुसऱ्याच्या कॉइलच्या वायरीत प्रत्यक्ष टाकावा लागतो. कॉन्टॅक्टरचा सहायक संपर्क इनपुटला आणला, तर आपली आज्ञा पाळली गेली की नाही हे पीएलसीला पडताळता येते. मोठ्या भारासाठी मध्ये इंटरपोजिंग रिले आणि प्रत्येक गटाला वेगळा फ्यूज ठेवला, तर चूक झाल्यावर तीसेक रुपयांची वस्तू जाते, कार्ड वाचते.

चारपासून मोजणी

अॅनालॉग जोडणीत या प्रश्नाचे उत्तर सिग्नलमध्येच गुंफलेले आहे. ४ ते २० मिलिअँपियरच्या लूपमध्ये मोजमापाचे शून्य ४ वर असते. टाकी रिकामी असली तरी ४ येतात, वायर तुटली तरच खरे शून्य. नामूर या युरोपीय संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीनुसार ३.६ पासून खाली किंवा २१ पासून वर म्हणजे ट्रान्समीटर बिघाड कळवतो आहे. रिकामी टाकी आणि मुका ट्रान्समीटर यांच्यात असा स्पष्ट भेद ० ते १० व्होल्टच्या सिग्नलमध्ये नाही.

प्रवाहाच्या लूपचा दुसरा फायदा अंतराचा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.०३५ ओहम असतो. ३०० मीटर अंतराची जाण्या-येण्याची वायर मिळून २१ ओहम, म्हणजे २० मिलिअँपियरला अर्ध्या व्होल्टहूनही कमी घट, आणि ती मोजमापात उतरतच नाही. काळजी घ्यायची ती एवढीच की ट्रान्समीटर लूपमधून वीज घेणारा आहे की स्वतःची वीज असलेला, हे आधी पाहायचे. चार वायरींचा ट्रान्समीटर स्वतः प्रवाह पाठवतो. तो लूपला वीज देणाऱ्या इनपुटला जोडला तर दोन पुरवठे समोरासमोर येतात.

पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरमध्ये मात्र वायरीचा रोध थेट तापमान बनतो. अंशाला ०.३८५ ओहम हा त्याचा हिशेब. त्याच अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीने ५० मीटरवर दोन वायरींत जोडला, तर साडेतीन ओहम वाढतात आणि वाचन सुमारे ९ अंशांनी फुगते. तिसरी वायर येते ती हा रोध वजा करण्यासाठी. सेन्सर तुटला की रोध अनंत होतो आणि सहसा तापमान वरच्या टोकाला गेलेले दिसते. हीटरसाठी हे सुरक्षित, तो बंद होतो. थंड करणाऱ्या यंत्रासाठी तीच गोष्ट उलट असू शकते, म्हणून तुटल्यावर वाचन कोणत्या टोकाला जावे हे कार्डाच्या सेटिंगमध्ये विचार करून ठरवायचे असते.

शून्य व्होल्टची वायर

सगळ्यांत दुर्लक्षित वायर शून्य व्होल्टची. एका सेन्सरवरून दुसऱ्यावर अशी ती साखळीने नेली आणि मधला एक स्क्रू ढिला झाला, तर पुढचे सगळे सेन्सर लंगडतात. प्रवाह आडवाटेने, दुसऱ्याच एखाद्या भारातून परतायला बघतो, आणि मीटरवर ९, १३ असले न समजणारे व्होल्ट दिसतात. शून्यासाठी जंपर लावलेली स्वतंत्र टर्मिनले ठेवली तर हा ताप टळतो. ही बाजू एसएमपीएसजवळ, म्हणजे २४ व्होल्टच्या पुरवठ्याजवळ, एकाच ठिकाणी अर्थ करावी.

अॅनालॉगसाठी पीळ दिलेली, शील्ड असलेली जोडी वापरावी आणि शील्ड साधारणपणे पॅनेलच्या टोकालाच अर्थ करावी. दोन्ही टोके बांधली तर दोन ठिकाणच्या अर्थमधला फरक शील्डमधून वाहू लागतो. वेगवान नेटवर्कच्या केबलींचा न्याय वेगळा, तिथे दोन्ही टोके अर्थ करण्याची शिफारस असते. ड्राइव्हची मोटर केबल सिग्नलच्या केबलीपासून दूर ठेवावी, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात.

लग, फेरूल आणि पावसाळा

आपल्याकडे पॅनेलच्या दुकानांत ‘फेरूल’ म्हणजे वायरीवर चढवलेली क्रमांकाची नळी, आणि टोकावर दाबलेली धातूची टोपी म्हणजे ‘लग’. परदेशी मॅन्युअलमध्ये फेरूल हा शब्द त्या टोपीसाठी असतो. दोन्ही वस्तू लागतातच. बारीक तारांची वायर लग न लावता स्क्रूखाली दाबली तर एखादी तार सुटून शेजारच्या टर्मिनलाला टेकते. टोकाला शिसे लावून कडक करणे त्याहून वाईट. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत घट्ट स्क्रू ढिला पडतो. क्रिंप करावे, ओढून पाहावे, सांगितलेल्या टॉर्कने आवळावे.

कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पॅनेलात शत्रू ओलावा असतो. केबल खालून ग्लँडमधून घ्यावी, आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथेच ठिबकते, आणि रिकामी ग्लँड-छिद्रे बुजवावीत. पाल, मुंग्या आणि बगॅसची धूळ यांनाही तेवढीच वाट पुरते. केबलचे आवरण मेगरने तपासायचे असेल तर आधी पीएलसीकडचे टोक सोडवावे, कारण मेगरचे ५०० व्होल्ट इनपुटला झेपत नाहीत.

नेटवर्कने प्रश्न सुटला का?

पन्नास वायरी मुख्य पॅनेलपर्यंत ओढण्यापेक्षा यंत्राजवळ रिमोट आय-ओ बसवून एक नेटवर्क केबल आणणे आता सर्रास झाले आहे. आयईसी ६११३१-९ म्हणून मानक झालेली आयओ-लिंक साध्या तीन वायरींवर, २० मीटरपर्यंत, सेन्सरकडून मोजमापासोबत त्याची तब्येतही आणते. लेन्स धुळीने भरली आहे किंवा वायर तुटली आहे हे असा सेन्सर स्वतः कळवू शकतो. शून्याचे दोन अर्थ इथे वेगळे झाले खरे.

पण नेटवर्कच तुटले तर? रिमोट आउटपुटांनी शून्य व्हायचे, होते तसे राहायचे, की आधी ठरवलेल्या स्थितीत जायचे? भट्टी थंड करणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हसाठी शून्य हे उत्तर घातक ठरू शकते. हा पर्याय सॉफ्टवेअरच्या एका चौकटीत असतो आणि कोणी हात लावला नाही तर कारखान्यातून आलेले सेटिंग तसेच राहते. प्रश्न स्क्रूखालून उठून मेनूत जाऊन बसला, एवढेच.

प्रशिक्षणात विद्यार्थी बहुतेक वेळ सिम्युलेटरवर लॅडर लिहितात. सिम्युलेटरमध्ये उंदीर नसतात. कमिशनिंगच्या वेळीही सेन्सरसमोर लोखंड धरून दिवा लागला की यादीत बरोबरची खूण पडते. त्याच वेळी वायर सोडवून पाहायला एखादे मिनिट लागते, पण ते क्वचितच केले जाते.

प्रत्येक कामाची आय-ओ यादी असते: पत्ता, टॅग, वर्णन, टर्मिनल क्रमांक, केबल क्रमांक. तिच्यात आणखी एक रकाना आखावा: ‘वायर तुटल्यास काय होईल’. प्रोग्रॅम लिहिणारा आणि वायर जोडणारा यांनी तो एकत्र बसून भरावा. ज्या ओळीत दोघांची उत्तरे जुळत नाहीत, तिथले बटण, सेटिंग किंवा प्रोग्रॅम बदलावा, आणि मग वीज द्यावी.